डब्यावरची अक्षरं

इंग्रजी अक्षरं माझ्या आयुष्यात शाळेच्या पुस्तकातून आली नाहीत. ती आली ऑइलच्या डब्यावरून. मिरजेत आमच्या वडिलांचं, अब्बांचं, छोटंसं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे निंबाचं झाड, कोपऱ्यात जळक्या ऑइलचं पिंप. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. बंद पडलेल्या इंजिनाच्या आवाजावरून ते रोग सांगायचे, पण डब्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही. नवा डबा आला की मला हाक यायची, "पढ रे, क्या लिख्या है?" मी तेव्हा पाचवीत. एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायचो, 'एस, ए, ई, चाळीस. ए, पी, आय, सी, डी.' अब्बा मान डोलवायचे. मला त्याचा अर्थ कळत नसे आणि त्यांनाही अर्धाच कळत असे.

पुढे मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, गॅरेज धाकट्या भावानं सांभाळलं. तरी आजही मुशायऱ्याला किंवा कविसंमेलनाला गेलो, की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "तुम्ही मिस्त्रींचे चिरंजीव ना? मग सांगा, गाडीत कुठलं ऑइल घालू? आणि किती किलोमीटरला बदलू?" कवितेबद्दल इतक्या कळकळीनं कोणी विचारत नाही! त्यांना उत्तर देता देता मीच त्या अक्षरांच्या मागे लागलो आणि लक्षात आलं, की डब्यावरचं एकही अक्षर शोभेसाठी आलेलं नाही. प्रत्येकामागे कुठेतरी मोडलेलं एखादं इंजिन आहे. आज सांगायची आहे ती त्या अक्षरांची गोष्ट.

आजोबांचा बोळा

वंगण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नसे. चाक कुरकुरायला लागलं की तेलाचा बोळा फिरवायचा. चाक कुरकुरतं ते तक्रार करतं म्हणून, आणि वंगण म्हणजे त्या तक्रारीवरचं औषध, एवढंच माणसाला हजारो वर्षं माहीत होतं.

माझे आजोबा मिरजेच्या रेल्वेत होते. तेव्हाची ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. डब्यांच्या आखाच्या पेट्यांमध्ये तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे नीट बसलेत का, तेल आहे का, हे पाहणं त्यांचं काम. पेटी कोरडी पडली की आख तापायचा, धूर निघायचा आणि सगळी गाडी खोळंबायची. आजोबा म्हणत, "गाडी कोळशावर चालते, पण पोचते तेलावर."

आजोबांना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की तेल नेमकं काय करतं हे जगाला कळलं तेही रेल्वेच्या आखावरूनच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाच्या अभियंत्यानं रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालण्यासाठी त्यानं बेअरिंगला वरून एक भोक पाडलं. आख फिरू लागला आणि त्या भोकातून तेल उलट वर उसळून बाहेर यायला लागलं. त्यानं बूच बसवलं, ते बाहेर ढकललं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर आली. टॉवरच्या ध्यानात आलं, की फिरणारा आख स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या दाबावर चक्क तरंगतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं.

म्हणजे बघा, चांगलं तेल असेल तर धातू धातूला लागतच नाही. मध्ये केसाहूनही बारीक तेलाचा पडदा असतो आणि अख्खं इंजिन त्या पडद्यावर चालतं. पडदा फाटला की इंजिन गेलं. ऑइल निवडणं आणि वेळेवर बदलणं म्हणजे हा पडदा राखणं. बाकीचा इतिहास, तो पडदा कशाकशानं फाटला आणि माणसानं तो कसा शिवला, याचा आहे.

एरंडेल आणि मोबिल

मोटार आली तेव्हा तेल होतं, पण मोटारीचं तेल नव्हतं. वाफेच्या इंजिनाची तेलं होती, जनावरांच्या चरबीची होती, आणि एरंडेल होतं. हो, लहानपणी नाक दाबून पाजलं जायचं तेच! १८९९ साली चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज गृहस्थानं तेलाची कंपनी काढली. विमानं आणि मोटारींसाठी त्यांनी जे तेल बनवलं त्यात एरंडेलाचा अंश होता. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून १९०९ साली त्या तेलाचं नाव पडलं कॅस्ट्रॉल. पुढे कंपनीच त्या नावानं ओळखली जाऊ लागली.

पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत. त्या इंजिनांत पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जायची आणि साधं खनिज तेल त्यात धुऊन निघायचं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून ते टिकायचं. मात्र न जळलेलं एरंडेल मागे वैमानिकाच्या तोंडावर उडायचं आणि त्याच्या पोटाचं काय होत असेल हे आपल्याला सांगायला नको. एरंड पिकवण्यात आपला देश तेव्हाही आघाडीवर होता आणि आजही आहे. आपण मात्र 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणून त्या बिचाऱ्याची चेष्टाच केली.

एरंडेलाची एक खोड होती. तापून तापून त्याचा डिंक व्हायचा, पिस्टनच्या रिंगा चिकटायच्या. त्यामुळे रोजच्या मोटारीत जमिनीतून निघणारं खनिज तेलच रुळलं. अमेरिकेत व्हॅक्यूम ऑइल नावाची जुनी कंपनी होती. तिच्या मोटारीच्या तेलाचं नाव होतं मोबिलऑइल. हीच कंपनी पुढे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत मिसळली आणि १९३३नंतर आपल्याकडे स्टँडर्ड व्हॅक्यूम या नावानं धंदा करू लागली. १९५४ साली मुंबईत तुर्भ्याला तिची रिफायनरी सुरू झाली. १९६२ साली ती एस्सोकडे गेली आणि १९७४ साली सरकारनं एस्सो ताब्यात घेतली, तीच आजची हिंदुस्थान पेट्रोलियम.

कंपन्यांच्या पाट्या बदलल्या, पण शब्द राहिला. आमच्या गॅरेजवर येणारा ट्रॅक्टरवाला कुठल्याही कंपनीच्या डब्याला 'मोबिल'च म्हणायचा. "मिस्त्री, मोबिल बदला." वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसंच हे.

आकडे कशाचे?

आता डब्यावरच्या आकड्यांकडे येऊ. सुरुवातीला प्रत्येक कंपनी आपलं तेल 'पातळ', 'मध्यम', 'दाट' अशा नावांनी विकायची. एकाचं मध्यम म्हणजे दुसऱ्याचं दाट! गिऱ्हाइकानं काय समजायचं? अमेरिकेत मोटार अभियंत्यांची एक संस्था १९०५ साली निघाली होती, तिचं नाव एसएई. तिनं १९११ साली तेलाच्या दाटपणाचे आकडे ठरवून दिले. डब्यावर एसएई ४० वाचताना मी मिरजेत बसून त्या संस्थेचं नाव घेत होतो, हे मला फार पुढे कळलं.

हे आकडे दाटपणाचे आहेत, तापमानाचे नव्हेत. अनेकांचा इथेच घोटाळा होतो. '२०डब्ल्यू-४०' म्हणजे वीस ते चाळीस डिग्रीपर्यंत चालणारं ऑइल, असं मला एका प्राध्यापकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं ते नाही. मागचा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर, शंभर डिग्रीला, तेल किती दाट राहतं त्याची प्रत. पुढच्या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत ते किती सहज वाहतं, हे त्यावरून कळतं. हा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात पातळ.

आधी बर्फाळ देशांत लोक हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट तेल घालायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५०च्या दशकात, दोन्ही ऋतूंना चालणारी तेलं बाजारात रुळली. त्यात असे लांब रेणू मिसळतात, की जे गारव्यात आखडून बसतात आणि तापले की उलगडतात. त्यामुळे तेल तापूनही फार पातळ होत नाही. मात्र गिअर आणि पिस्टनमध्ये रगडून रगडून हेच रेणू तुटत जातात. तेल जुनं होतं त्याचं हे एक कारण.

मग आपण कुठला आकडा घ्यायचा? निफाडला पारा शून्याजवळ गेला तरी '२०डब्ल्यू'चं ऑइल गोठत नाही, ते उणे पंधराच्या हिशेबानं बांधलेलं असतं. म्हणून जुन्या गाड्यांना आपल्याकडे वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-४० चाललं. पण सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेल वरपर्यंत पोचायला जे क्षण लागतात, त्या क्षणांतच झीज जास्त होते. पातळ तेल लवकर पोचतं. शिवाय नव्या इंजिनांतल्या फटी बारीक आणि तेलाच्या वाटा अरुंद असतात, म्हणून त्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. 'आपल्याकडे ऊन फार, म्हणून दाट घाला' असं सांगणारे मिस्त्री अजून भेटतात. अब्बाही तेच सांगायचे. त्यांच्या काळातल्या जीपला आणि ट्रकला ते खरंही होतं, पण आजच्या गाडीला तो सल्ला लागू पडत नाही.

काळं म्हणजे वाईट?

अब्बांची तेल तपासायची एक रीत होती. गेज बाहेर काढायचा, टोकावरचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा आणि तर्जनीनं हलकेच दाबून बोट उचलायचं. अम्मी जिलेबीचा पाक जसा पाहायची, तसंच. तार सुटते का? सुटली तर जीव आहे. मग वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला, तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. तेल ताकासारखं पांढुरकं झालं, तर पाणी शिरलंय. बोटाला चकाकी लागली, तर बेअरिंग झिजतंय. या सगळ्यात ते क्वचितच चुकत.

पण एका बाबतीत ते नेहमी चुकत. तेल काळं दिसलं की म्हणत, "खलास, बदला." डिझेलच्या गाडीत तर नवं घातलेलं तेल आठवड्यात काळं व्हायचं आणि ते दुकानदाराला शिव्या द्यायचे.

इथे १९३०च्या दशकातली गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत कॅटरपिलरचे डिझेल ट्रॅक्टर शेतात उतरले आणि काही दिवसांतच बंद पडू लागले. डिझेलची काजळी पिस्टनच्या खाचांत बसून कडक व्हायची आणि रिंगा घट्ट चिकटायच्या. तेल दिसायला स्वच्छ, पण घाण सगळी इंजिनात! तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका तेल कंपनीनं कॅटरपिलरसाठी तेलात साबणासारखं काम करणारं द्रव्य मिसळलं. १९३५ साली ते तेल 'डेलो' नावानं विक्रीला आलं. हे द्रव्य काजळी धुऊन काढतं आणि बारीक कण तेलातच तरंगत ठेवतं. साहजिकच तेल काळं होतं. कपडे धुतल्यावर बादलीतलं पाणी काळं झालं तर आपण साबणाला नावं ठेवतो का? काळं तेल हे पुष्कळदा काम करणारं तेल असतं. त्याची ताकद कधी संपते, हे मात्र रंगावरून कळत नाही.

ही धुणारी, झीज रोखणारी, गंज थांबवणारी द्रव्यं तेलात वाढत गेली, तसं नुसत्या दाटपणाच्या आकड्यावरून भागेना. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं, म्हणजे डब्यावरच्या एपीआयनं, तेलाचे तीन वर्ग केले. साधं, उत्तम आणि जड कामाचं. १९७०च्या सुमारास आजची अक्षरांची पद्धत आली. पेट्रोल इंजिनाला एसपासून सुरू होणारी, डिझेलला सीपासून सुरू होणारी. पुढचं अक्षर जितकं वर्णमालेत पुढे, तितकी परीक्षा अवघड. एसए हे तेल तर १९३०नंतरच्या इंजिनांना चालणार नाही, असं संस्थाच सांगते. २०१० साली एसएन आलं, २०२० साली एसपी, २०२५ साली एसक्यू. डिझेलमध्ये २००२ साली सीआय-४, २०१६ साली सीके-४. मी लहानपणी वाचायचो ते सीडी १९५५चं. १९९४नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना ते अपुरं पडतं. तरी त्या जुन्या अक्षरांचे डबे अजून कुठे कुठे विकले जातात, कारण ते स्वस्त असतात आणि अक्षरं कोणी वाचत नाही.

ते एक ऑइल

१९८४ची गोष्ट. द्राक्षांच्या हंगामात एक ट्रकवाले काका गाडी घेऊन आले. कर्ज काढून घेतलेला ट्रक, घरात चार मुलं. अब्बांनी ऑइल बदललं. डबा नावाजलेल्या कंपनीचा, नेहमीच्याच एका दुकानातून आणलेला. मी अक्षरंही वाचून दाखवली होती. चौथ्या दिवशी घाटात ट्रकचं इंजिन जाम झालं. ओढून आणलं, चेंबर उघडलं, तर बेअरिंगं जळून क्रँकला चिकटलेली. अब्बांनी उरलेल्या डब्यातलं तेल बोटावर घेतलं. तार सुटेना. जळकं ऑइल गाळून, रंग उजळून, खऱ्या डब्यात भरलेलं होतं ते.

काका काही बोलले नाहीत. अब्बांच्या समोर नुसते बसून राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं अब्बा नंतर म्हणाले. दुकानदारानं हात वर केले. अब्बांनी इंजिनकाम स्वतःच्या खर्चानं करून दिलं आणि त्या महिन्यात अम्मीच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. मला मात्र वाटत राहिलं, की अक्षरं तर मी वाचली होती.

त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात एक नियम झाला. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्यात सुंबा मारून भोक पाडायचं. रिकामा डबा भंगारवाल्याकडे साबूत गेला, तर तो कुणाच्यातरी इंजिनाचा काळ होऊन परत येतो. भाऊ आजही प्लास्टिकचा डबा कापल्याशिवाय टाकत नाही. तुम्हीही गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा सील आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा आपल्यासमोर कापायला सांगा. त्यात मिस्त्रीवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. चांगला मिस्त्री उलट खूश होईल.

माझी फजिती

मी स्वतः केलेला शहाणपणाही सांगतो. १९९९ साली माझ्याकडे शंभर सीसीची मोटारसायकल होती. मेहुण्यानं मोटारीचं भारी ऑइल आणलं होतं, त्यातलं लिटरभर उरलं. म्हटलं, भारी आहे तर आपल्याच गाडीत घालू. दोन दिवसांत गाडी चढावर नुसती गुरगुरायला लागली. आवाज वाढतो, वेग वाढत नाही. क्लच घसरत होता. शेवटी ते ऑइलही काढलं आणि क्लचच्या प्लेटाही बदलल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं!

कारण साधं आहे. मोटारीचा क्लच कोरडा, बाहेर असतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच मात्र इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती बरी, पण क्लच तर घर्षणावरच जगतो. जपानी कंपन्यांना हीच अडचण आली आणि १९९८ साली तिथल्या जासो या संस्थेनं मोटारसायकलच्या ऑइलसाठी वेगळी परीक्षा ठरवली. त्यातली 'एमए' ही प्रत ओल्या क्लचची. माझी फजिती झाली तेव्हा ती अक्षरं एक वर्षाची होती. वाचली असती तर पैसे वाचले असते.

अक्षरं वाढण्याचं अलीकडचं कारण म्हणजे हवा. १ एप्रिल २०२०पासून आपल्याकडे बीएस-सहा गाड्या आल्या. डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी बसली. तेलातल्या काही द्रव्यांची राख त्या गाळणीत साचून ती तुंबते, म्हणून या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. चुकीचं घातलं तर इंजिन चालेल, पण गाळणीचा खर्च डोळे पांढरे करील.

किती किलोमीटरला?

आता शेवटचा प्रश्न, बदलायचं कधी? फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीची पुस्तिका सांगायची, की पहिलं तेल ४०० मैलांनंतर काढा आणि पुढे दर ७५० मैलांनी. कारण त्या गाडीत ऑइल फिल्टरच नव्हता. धूळ, कीस सगळं तेलात. १९२३ साली अमेरिकेत फिल्टर निघाला आणि १९२४च्या क्रायसलर गाडीत तो बसला. तेल सुधारलं, धातू सुधारले, फिल्टर सुधारले, तसं अंतर वाढत गेलं. १९७०च्या दशकात सिंथेटिक तेलं सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आली. ती रासायनिक रीतीनं घडवलेली, म्हणून उष्णतेत जास्त टिकणारी.

तरीही अमेरिकेत 'दर तीन हजार मैलांनी बदला' ही सवय इतकी रुजली, की कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा मंडळाला लोकांना समजावण्याची मोहीम काढावी लागली, की बहुतेक नव्या गाड्यांना एवढी घाई लागत नाही आणि चांगलं तेल वाया जातं. तीन हजार मैल म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटर. आपल्याकडचा 'पाच हजाराला बदल' हा हिशेब त्याच्या जवळचाच. आज आपल्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं छापलेलं असतं.

'जे आधी येईल ते' हे शब्द लोक विसरतात. निवृत्त गृहस्थ मला सांगतात, "गाडी वर्षात दोन हजारच चालली, कशाला बदलू?" पण रोज भाजी आणायला एक किलोमीटर जाणारी गाडी नीट तापतच नाही. इंजिनातलं पाणी आणि पेट्रोल तेलातून उडून जात नाही, तिथेच मुरतं आणि आम्लं तयार होतात. मिरज ते पुणे हमरस्त्यानं जाणारी गाडी त्याहून सुखी असते. म्हणून पुस्तिकेत एक छोटा तक्ता असतो, खडतर वापराचा. धूळ, सतत थांबत जाणारी वाहतूक, लहान फेऱ्या, ओझं. आपली परिस्थिती तशी असेल तर त्या तक्त्यातलं अंतर धरायचं. दुकानदाराचा आकडा, शेजाऱ्याचा आकडा आणि तेलाचा रंग, हे तिन्ही बाजूला ठेवायचे.

एक जबाबदारी मात्र आकड्यावर सोपवता येत नाही. ती म्हणजे काढलेल्या तेलाची. आमच्या पिंपातलं जळकं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना जायचं, खांबांना वाळवी लागू नये म्हणून जायचं आणि पिंप भरलं की थोडं गटारातही जायचं, हे मी कबूल करतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब आहे, की एक गॅलन जळकं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. आपल्याकडेही हे तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. आमचं गटार कृष्णेकडे जातं. आजोबा त्याच कृष्णेचं पाणी पीत होते.

अब्बा २०११ साली गेले. शेवटच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, पण भाऊ नवा डबा आणायचा तेव्हा ते तो हातात घेऊन मला द्यायचे. मी वाचायचो आणि आता अर्थही सांगायचो. काळं तेल वाईट नसतं, हे मी त्यांना असंच एकदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग इतकी वर्षं मी चांगलं तेल ओतून दिलं?" मी म्हटलं, "पण अब्बा, तुमच्या हातचं एकही इंजिन त्यापायी बसलं नाही." ते हसले.

पुतणीनं गेल्या वर्षी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. तिला इंजिनच नाही, म्हणून इंजिन ऑइलही नाही. पुढच्या पिढीला ही अक्षरं कदाचित लागणार नाहीत. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या कोट्यवधी गाड्या अजून तेलाच्या त्याच पडद्यावर तरंगताहेत. तेव्हा आज रविवार आहे, एवढं करा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. गेज काढून फडक्यानं पुसा, पुन्हा बुडवून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना? कमी असेल तर थोडं थोडं घाला, वरच्या खुणेच्या पलीकडे नको, जास्त तेलाचाही फेस होतो. मग गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका काढा, आणि घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला हाक मारून म्हणा, वाच रे, काय लिहिलंय?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)